शालिक झिरो

आमच्या गावात कोणाला इंग्रजी येत नाही, असं बाहेरच्या माणसानं म्हणू नये. एक शब्द तर शेंबड्या पोरापासून दात पडलेल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना येतो. झिरो. न्हाव्यापुढे बसलेलं पोरगं सांगतं, 'झिरो मारून दे', म्हणजे मशीन फिरवून डोकं साफ. बाहेरगावी फोन लावायचा तर आधी झिरो. नागपूरला दवाखान्याच्या कामानं गेलेला माणूस झिरो माईलचा दगड पाहून येतो आणि महिनाभर तेच सांगत बसतो. बँकेत खातं उघडायचं तर 'झिरोवालं द्या जी'. आणि रात्रभर जळणारा तो लाल नाहीतर हिरवा बल्ब, तो झिरोचा. तो मीटर ओढत नाही म्हणून झिरो, अशी गावाची पक्की खात्री. ओढतो. चांगला पंधरा वॅट ओढतो. जुनी मीटरं इतकी सुस्त होती की एवढ्याशा बल्बासाठी हलत नसत, एवढंच. हे मी किती जणांना समजावलं, कोणी ऐकेल तर शपथ.

आणि एक झिरो आमच्या शेजारी राहतो. शालिकराम. त्याच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा राग गिळून लिहायचं असं ठरवलं होतं. ते काही जमायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

गावाच्या उगवतीला आम्हा बौद्धांची टोली आहे. तिथं आमची दोघांची घरं, मध्ये फक्त बोराट्यांचं, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्यांचं, कुंपण. मी अल्का, लग्न होऊन या गावात आले आणि इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पहिली-दुसरीच्या पोरांना अंक शिकवण्यात माझा जन्म गेला. गावात मला सगळे मॅडम म्हणतात, शालिकभाऊही मॅडमच म्हणतो, वयानं माझ्याहून मोठा असून.

ज्या वर्षी भंडाऱ्यापासून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्याच वर्षी आमच्या गावाला खेमराज नावाचा नवा लाईनमन मिळाला. तरणाबांड गडी, बोलायला गोड, बोलताना मध्येच हिंदीवर घसरायचा. लाईनमन म्हणजे वीजखात्याचा पगारी माणूस. खांबावर चढणं हे त्याचं काम. पण आमच्याकडे एक रीत आहे. लाईनमन आपल्या मर्जीनं हाताखाली एक माणूस ठेवतो आणि खांबावर त्यालाच चढवतो. या माणसाचं खात्यात नाव नसतं. साहेब लोकांना तो माहीत असतो, ते त्याच्या हातचा चहासुद्धा पितात, पण कागदावर तो नाही. त्याला म्हणायचं झिरो लाईनमन. कोणी चिडवायला ठेवलेलं नाव नव्हे हो, हुद्दा आहे तो. 'तुमच्या गावाचा झिरो कोण?' असं साहेबसुद्धा विचारतात.

शालिकभाऊ त्याआधी मजुरी करायचा. झाडावर चढण्यात त्याचा हात कोणी धरत नव्हतं. चिंचा झोडायच्या असोत की मोहाची फांदी छाटायची असो, शालिकला बोलवा. त्या पावसाळ्यात वादळानं तारा तुटल्या, गाव अंधारात पडलं, आणि खेमराजनं याला चढताना पाहिलं. झालं. खेमराज खाली छत्री धरून उभा आणि हा वर. खाली उतरल्यावर खेमराजनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, मी एक, तू शून्य, माझ्या बाजूला उभा राहा, दोघं मिळून दहा होऊ. सगळे हसले, शालिकभाऊ सगळ्यात जास्त हसला. मलाही त्या वेळी ते बोलणं गमतीचंच वाटलं होतं.

त्यानंतर बारा वर्षं आमच्या गावची वीज म्हणजे शालिकभाऊ. कोणाच्या घरी ठिणगी उडाली, शालिक. लग्नाच्या मांडवात लाईटिंग जळेना, शालिक. पंख्याला हात लावला की झिणझिण्या येतात, शालिक. जेवणाच्या ताटावरून उठून जायचा. पार्वताबाई, म्हणजे त्याची बायको, ताट झाकून ठेवायची आणि मला कुंपणावरून म्हणायची, बाई, याचं लग्न माझ्याशी झालं का गावाशी, कोणास ठाऊक.

खेमराज त्याला आपल्या पगारातून काही द्यायचा, कधी द्यायचा, कधी विसरायचा. गावानं मात्र रीत लावून दिली. मळणीच्या दिवसांत शालिकनं खळ्यावर यायचं आणि ज्यानं त्यानं त्याच्या पदरात थोडं धान घालायचं. लाईनीचं धान. आता यातली गोम बाहेरच्याला कळणार नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आमच्या टोलीनं गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि खळ्यावर पदर पसरणंही सोडलं. शालिकभाऊच्या बापानं तर उपाशी राहून सोडलं. आणि त्या बापाचा लेक पुन्हा पोतं घेऊन खळ्याखळ्यावर! मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, दादा, काम करतोस ना, मग मजुरी माग, भीक काय घेतोस? तो म्हणाला, हे तसं नाही मॅडम, हे लाईनीचं आहे, एक दिवस खेमराजभाऊ मला पर्मनंट लावून देणार आहे, तोवर चालते. बारा वर्षं त्याचं 'तोवर' चाललं.

एकदा शाळेच्या मीटरपेटीत पाल जळून मेली आणि वर्गातली वीज गेली. शालिकभाऊ आला, पेटी उघडून बसला. मी फळ्यावर पोरांना शून्य काढून दाखवत होते. काम करता करता त्यानं विचारलं, हा झिरो इंग्रजांनी काढला काय? मला असं कोणी काही विचारलं की माझा ताबा सुटतो. मी खडू ठेवला आणि सुरूच झाले. म्हटलं, इंग्रज कसला काढतात, आपला आहे तो. आपण त्याला शून्य म्हणायचो, म्हणजे रिकामं. अरबांनी आपले आकडे नेले, आणि त्यांच्या भाषेत रिकाम्याला सिफ्र म्हणतात म्हणून शून्याचं सिफ्र झालं. गोंदियाच्या बाजारात जुने मुसलमान दुकानदार अजून सिफर म्हणतात, ते हेच. तिथून इटलीचे व्यापारी घेऊन गेले, त्यांच्या जिभेवर ते झेफिरो झालं, आणि झेफिरो झिजून झिरो झालं. मग फ्रान्स, मग इंग्रज, आणि इंग्रजांनी ते परत आपल्या दारात आणून टाकलं. त्याच सिफ्रचा इंग्रजीत अजून एक शब्द झाला, सायफर. त्याचा एक अर्थ गुप्त लिपी, आणि दुसरा, ज्याला कोणी मोजत नाही असा माणूस. आपल्या जुन्या हिशेबनीसांना मात्र शून्याला नुसतं शून्य म्हणवेना, ते त्याला पूज्य म्हणायचे.

शालिकभाऊनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, एवढी दुनिया फिरून आलं आणि बसायला माझीच बोकांडी सापडली काय? पोरं हसली. मीही हसले. मग त्यानं विचारलं, पण जे रिकामं आहे ते लिहायचं कशाला, सोडून द्या ना. मी फळ्यावर दोनशे तीन लिहिले आणि मधलं शून्य पुसून दाखवलं. राहिले तेवीस. म्हटलं, त्याची स्वतःची किंमत नसली तरी ते जागा धरून ठेवतं, ते नसलं तर बाकीचे घसरतात. त्यानं स्क्रू आवळला, वीज आली, आणि हात पुसत म्हणाला, म्हणजे खेमराजभाऊ लग्नाले गेला का त्याच्या जागेवर मी. असा माणूस. कडू बोलायचा नाही, आणि बोलला तरी आपल्याला कडू लागू द्यायचा नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्याच्या शेवटाला. तलाव भरलेला असला तरी आमच्यापर्यंत पाणी येईस्तोवर वरचे लोक पिऊन मोकळे होतात. त्यामुळे उन्हाळी धान घ्यायचं तर विहिरीवर मोटार हवी. शेतीच्या लाईनीला ठरलेले तासच वीज मिळायची, आणि तेही कधी दिवसा, कधी रात्री. गावातल्या घरांची लाईन वेगळी, ती जास्त वेळ असायची. मग आमच्या शेतकऱ्यांनी अक्कल चालवली. गावाच्या शेवटच्या खांबावरून एक तार ओढायची आणि शेताच्या पहिल्या खांबाला अडकवायची. गावची वीज शेतात, मोटारी चालू. काम झालं की तार काढून गुंडाळून धानाच्या कोठीमागे. हे एकानं नाही केलं, पाळीपाळीनं सगळे करायचे. ज्यांची मोठी शेती ते जास्त करायचे. आणि सगळ्यांत मोठी शेती हुकुमचंदभाऊंची, जे कायम ग्रामपंचायतीत असतात, कधी सरपंच म्हणून, कधी सरपंचाच्या शेजारी.

शालिकभाऊला हे माहीत होतं. खेमराजलाही माहीत होतं. म्हणून शेताच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, चढायचं असलं की दोघांचा नेम ठरलेला. खेमराजनं सबस्टेशनला फोन करून वरची लाईन बंद करायची, आणि स्वतः गावाच्या शेवटच्या खांबापाशी जाऊन तार अडकवलेली नाही ना ते डोळ्यांनी पाहायचं. मगच शालिकभाऊ चढणार. कारण ती तार अडकवलेली असली तर गावची वीज उलटी डीपीत शिरते आणि डीपीतून वर चढताना दोनशेची हजारांत होते. हे मला शालिकभाऊनंच सांगितलं होतं, हसत हसत.

दोन हजार अकराचा एप्रिल. धान पोटरीला आलेलं, पाण्याला आसुसलेलं, आणि शेताच्या डीपीचा वरचा फ्यूज उडाला. शेतकरी शालिकच्या मागे लागले. खेमराज त्या दिवशी बोदलकशाच्या बाजूला साळ्याच्या लग्नात. मी शाळेच्या फाटकात होते. शालिकभाऊ समोर सायकल धरून उभा, कानाला मोबाईल. त्याचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. "बंद आहे ना भाऊ, पक्कं? तार पाहाले कोणी गेलता काय? हव, हव. मंग चढतो." आणि सायकलवर टांग टाकून गेला. जाता जाता मला म्हणाला, खेमराजभाऊ म्हणते सगळं पाहून ठेवलं आहे.

कोणी काही पाहिलं नव्हतं. वरची लाईन फोनवर बंद झाली होती, तेवढं खरं. पण शेवटच्या खांबावर हुकुमचंदभाऊंची तार सकाळपासून अडकवलेली होती. शालिकभाऊनं वर हात घातला आणि भडका झाला. तो खाली पडला तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत कोळसा झालेला होता. माणसं धावली. कोणी त्याच्याकडे धावलं आणि कोणी त्या तारेकडे धावलं. तार निघाली, पण घाईत तिचं एक जळकं टोक खांबावरच राहिलं.

गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. हात कापला. पार्वताबाई तिकडे होती, म्हणून इकडे काय शिजलं ते तिला कळलं नाही. मला कळलं, कारण माझ्या डोळ्यांदेखत शिजलं.

ग्रामपंचायतीत वीजखात्याचे साहेब आले, पोलीस आले. खांबावर जळकं टोक सापडलेलं, म्हणजे तार कोणीतरी टाकली होती. कोणी? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. खेमराज उभा राहिला. म्हणाला, मी रजेवर होतो, मी कोणाला चढायला सांगितलं नाही, शालिक आपल्या मनानं चढत असतो. हुकुमचंदभाऊंनी खाकरून पुढचं पूर्ण केलं. शालिकच तार टाकतो आणि शेतकऱ्यांना चोरून वीज देतो, तेच करताना पडला. म्हणजे बघा! ज्याच्या घरचं मीटर नियमात होतं, तो चोर. तो काही साधू नव्हता, मीच सांगते. लाईनवाल्याचा माणूस म्हणून तपासणीला पहिलं आपलंच घर धरतील, या भीतीनं त्यानं आकडा कधी टाकला नाही. आणि ज्यांच्या कोठ्यांमागे तारांची भेंडोळी पडली होती, ते पंच.

त्या जबाबाखाली एकेकानं सही केली. उदाराम, ज्याच्या आटाचक्कीची मोटार शालिकनं भर पावसात सुरू करून दिली होती, त्यानंही केली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले आणि म्हटलं, मी फोन ऐकला आहे, खेमराजनंच चढ म्हणून सांगितलं, मोबाईलचं रेकॉर्ड काढा. साहेबांनी मला शांतपणे विचारलं, तुम्ही खेमराजचा आवाज ऐकला का? मी म्हटलं, शालिकभाऊचा ऐकला. मग साहेबांनी विचारलं, तुम्ही त्याच्या शेजारी राहता ना, एकाच टोलीत? तेवढं विचारलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. रेकॉर्ड कोणी काढलं नाही. आमच्या यादीत या नावाचा कर्मचारी नाही, असं मात्र जाताना आवर्जून सांगून गेले. बारा वर्षं ज्याला 'झिरो, इकडे ये' म्हणून हाक मारली, त्याच्याबद्दल हे.

गाव गप्प का राहिलं, हे कोणा शहाण्याला विचारायची गरज नाही. खेमराज अडकला असता तर त्यानं तारेचं सगळं बोलून टाकलं असतं, आणि मग घराघरातून भेंडोळी निघाली असती. शिवाय डीपी जळालेली, धान वाळत चाललेलं. चौकशी लांबली की नवी डीपी लांबणार. चौकशी मिटली आणि आठवड्याच्या आत डीपी आली. त्या वर्षी उन्हाळी धान चांगलं झालं.

शालिकभाऊ घरी आला तेव्हा त्याला हे कळलं. कोणी सांगितलं? मीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार होतं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, रडेल. तो खाटेवर बसून होता, उजवी बाही गुंडाळून पिन लावलेली. ती पिन त्यानं डाव्या हातानं चाचपली. मग म्हणाला, "हात गेला तं गेला, मॅडम. वरचं काम आहे, जाते कोणाचा. पण चोर नोको म्हणा. माह्या बापानं उपाशी राहून पदर पसरणं सोडलं, त्याच्या घरावर चोर नोको लिहा."

त्याला एवढंच हवं होतं. खेमराजनं त्याच ग्रामपंचायतीत, त्याच लोकांसमोर उभं राहून एकदा म्हणावं, शालिक माझ्या सांगण्यावरून चढला होता. नोकरी नको, भरपाईचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. मी म्हटलं, वकील करू. तो म्हणाला, वकील कशाला, खेमराजभाऊला माहीत आहे ना, तो म्हणेल, त्याचं मन खाऊन राहिलं असेल. काय बोलावं अशा माणसाला!

पार्वताबाई मात्र गप्प बसली नाही. ती घरोघर गेली. ज्या ज्या घरात शालिक ताटावरून उठून गेला होता, त्या त्या घरी. बायका तिला पाणी द्यायच्या, पाट द्यायच्या, डोळे पुसायच्या, आणि म्हणायच्या, माणसांच्या कामातलं आम्हाला काय समजते. माणसं म्हणायची, आम्ही तं त्या दिवशी गावात नव्हतोच. एवढं मोठं गाव, आणि त्या दिवशी गावात कोणीच नव्हतं बाप्पा! उदारामनं तिला पीठ फुकट दळून देऊ का विचारलं. तिनं दळण उचललं आणि पलीकडच्या गावच्या चक्कीवर चालत गेली. तेव्हापासून ती तिकडेच जाते.

शालिकभाऊ खेमराजच्या घरी दोनदा गेला. दोन्ही वेळा खेमराजच्या बायकोनं दारातून सांगितलं, ते ड्युटीवर आहेत. आत पंखा चालू होता आणि मोटारसायकल अंगणात होती. तिसऱ्या वेळी तो गेला नाही. खेमराजनं आमच्या टोलीतून जाणं सोडलं, तिकडच्या डांबरी रस्त्यानं फिरून जायचा. त्याला नवा झिरो मिळाला, पलीकडच्या गावचा. आमच्या टोलीत वीज गेली की तो यायचा आणि चढायच्या आधी शालिकभाऊच्या अंगणाकडे पाहायचा. शालिकभाऊ खाटेवरून ओरडून सांगायचा, पहिले शेवटचा खांब पाहून ये. एवढं सांगून आत निघून जायचा.

पोलिसांचं प्रकरण पुढे मिटलं. मिटलं म्हणजे चोर म्हणूनच मिटलं. पहिलीच वेळ म्हणून तडजोड झाली, असं कागदावर आलं. त्यानंतर गावात भांडण झालं की पोरं एकमेकांना चिडवायला 'शालिक झिरो' म्हणू लागली. माझ्या वर्गात एकानं म्हटलं, त्याला मी उभं केलं आणि विचारलं, तुझ्या घरचा बल्ब कोणी लावला रे? त्याला माहीत नव्हतं. त्याच्या घरच्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं.

असं दीड वर्ष गेलं. दिवाळीच्या आधी कळलं की खेमराजची बदली झाली, बढतीवर. हुकुमचंदभाऊंनी ग्रामपंचायतीत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषणं झाली, म्हणे. बारा-तेरा वर्षं गावाला अंधारात ठेवलं नाही, वगैरे. मी गेले नाही. शालिकभाऊनं विचारलं, सत्कारात काही बोलला काय? मी म्हटलं, आभार मानले सगळ्यांचे. त्यानं मान हलवली. तो अजून वाट पाहत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला त्याचाच राग आला.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, मी त्यांच्या अंगणात बसले होते. पार्वताबाई धान पाखडत होती. कुंपणापाशी मोटारसायकल थांबली. खेमराज. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले, हातात मिठाईचा डबा. शालिकभाऊ खाटेवर सरकून बसला आणि डाव्या हातानं बस म्हणाला. खेमराज बसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, मॅडम, जरा दोघांचं बोलायचं आहे. मी शालिकभाऊकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनी खूण केली, जा. पार्वताबाईही सूप घेऊन आत गेली. मी माझ्या अंगणात आले. पण मध्ये बोराट्याच आहेत, भिंत नाही, आणि मी काही कान झाकून घेणारी बाई नाही.

खेमराज रडत होता. मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. म्हणत होता, "शालिक, मीच सांगितलं रे तुले चढ म्हणून. मी खांब पाहाले कोणाले पाठवलंच नव्हतं. मीच बोललो, मीच. मले झोप येत नाही रे. जाच्या पहिले तुले सांगून जातो म्हटलं."

मला वाटलं, शालिकभाऊ आता त्याच्या पाठीवर हात ठेवेल आणि जाऊ दे म्हणेल. त्याचा स्वभावच तो. मी दात आवळून उभी होते. मग त्याचा आवाज आला, नेहमीचाच, चढलेला नाही, रागावलेला नाही.

"मले कायले सांगता, भाऊ? मले तं मालूम आहे. मीच तं चढलो होतो. साऱ्या गावात हे मालूम असलेला मी एक अन् तुमी एक. ज्यायले दुसरंच सांगून ठेवलं, त्यायले सांगा."

खेमराज म्हणाला, आता बदली झाली ना, आता सांगून काय होणार. पार्वताबाईनं आतून चहा आणला. खेमराजनं तो प्यायला, कप खाली ठेवला, आणि डबा खाटेवर ठेवून निघाला.

आमच्या टोलीतून बाहेर पडताना ग्रामपंचायत लागते. पाच-सहा माणसं ओट्यावर बसली होती, हुकुमचंदभाऊ मधोमध. मी कुंपणातून बघत होते, आणि पलीकडे शालिकभाऊही खाटेवरून उठून उभा राहिला होता. खेमराजची गाडी तिथं हळू झाली. त्यानं एक पाय टेकवला. सगळ्यांना हात जोडून रामराम केला, हुकुमचंदभाऊंना जरा वाकून केला, आणि निघून गेला.